राशोलची एक लहानशी पुस्तिका: १६२२ ते १९४५

आजचा भाग एका छोट्या धार्मिक पुस्तिकेबद्दल आहे. नाव आहे 'दौत्रीना क्रिश्तां'. म्हणजे ख्रिस्ती धर्माची शिकवण, प्रश्नोत्तरांच्या रूपात. गुरू आणि शिष्य बोलतायत, असा सगळा मांड. कोकणीतला 'दोतोर्न' हा शब्द याच 'दौत्रीना'वरून आलेला. पण ही मूळ पुस्तिका पाहिलेली माणसं फार थोडी.

लेखक कोण? फादर थॉमस स्टीफन्स, एक इंग्रज जेझुइट. ऑक्टोबर १५७९ मध्ये ते गोव्यात उतरले आणि उरलेलं आयुष्य तिथेच काढलं, बरंचसं साष्टीत. मराठी वाचकाला ते 'क्रिस्तपुराणा'मुळे माहीत असतात. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ १६१६ साली राशोलला छापला गेला. १६१९ मध्ये स्टीफन्स वारले. आणि आपली पुस्तिका छापली गेली १६२२ मध्ये, त्याच राशोलच्या जेझुइट कॉलेजात. म्हणजे लेखकाने ती छापलेली पाहिलीच नाही.

आता एक गंमत बघा. माणूस एकच, पण पुराण लिहिलं मराठीत आणि पुस्तिका लिहिली कोकणीत. असं का? माझ्या मते उत्तर वापरात आहे. पुराण ऐकायचं, ते ओवीत हवं, आणि ओवीची भाषा त्या काळी गोव्यातही मराठीच होती. प्रश्नोत्तरं मात्र पाठ करायची, पोराटोरांनी, रोजच्या बोलीत. तिथे घरातलीच भाषा हवी. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर या भाषेला 'ब्रामण कानारीं' म्हटलंय. 'कानारीं' वाचून कानडी समजू नका हं. पोर्तुगीज लोक कोकणीलाच तसं म्हणत.

लिपी मात्र रोमन. का, तर खिळ्यांची अडचण. स्टीफन्सनी १६०८ साली रोमला, संघाच्या प्रमुखांना पत्र लिहिलं होतं. इथल्या लिपीत पुस्तकं छापावीत अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती. पण रोमन लिपीला चोवीस साचे पुरतात, तर इथल्या लिपीला सहाशेच्या आसपास लागतील, असा त्यांचा हिशोब. जोडाक्षरं, काना, मात्रा, वेलांट्या धरल्या तर आकडा काही उगाच नाही. ते जमलं नाही. कोकणी छापली गेली ती रोमन अक्षरांत, आणि गोव्याच्या ख्रिस्ती समाजात तीच वाट पुढे रुळली.

मग पुस्तिका गेली कुठे? एक तर पाठ करायचं पुस्तक हाताळून हाताळूनच संपतं. त्यात कोकणातला पाऊस आणि वाळवी. वर राजकारण. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्वोर यांनी हुकूम काढला: तीन वर्षांत लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावं. ज्या भाषेत धर्म शिकवायला पुस्तक छापलं, तीच भाषा बासष्ट वर्षांनी नकोशी झाली! १७५९ मध्ये खुद्द जेझुइटांनाच पोर्तुगीज मुलखातून हाकललं. म्हणजे पुस्तक सांभाळणारेही गेले.

इथे दोन पुस्तकांचं नशीब शेजारी ठेवून बघा. 'क्रिस्तपुराणा'च्या छापील प्रती हरवल्या, पण लोकांनी ते हातानं उतरवून ठेवलं, कारण ते त्यांना प्रिय होतं. त्या हस्तलिखितांवरूनच १९०७ साली मंगळूरला जोसेफ सालदान्हांनी ते पुन्हा छापलं. आपल्या पुस्तिकेला असं प्रेम मिळालं नाही. ती वाचली, कारण तिच्या प्रती युरोपातल्या ग्रंथसंग्रहांत जाऊन पडल्या होत्या. वाचायला कोणी नव्हतं, म्हणून टिकली!

तिला उजेडात आणलं एका गोंयकारानेच. लिस्बनमध्ये संस्कृत आणि कोकणी शिकवणारे मारियानो सालदान्हा. १९४५ मध्ये त्यांनी मूळ पानं जशीच्या तशी छापली, प्रस्तावना, टिपा आणि शब्दसंग्रह जोडून. म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या आवृत्तीत ३२३ वर्षांचं अंतर!

आता या सगळ्याचं आज काय? कोकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, हा वाद आपल्याकडे किती पेटला, ते तुम्हाला माहीत आहे. त्या वादात ही पुस्तिका पुराव्यासारखी पुढे येते: बघा, १६२२ मध्येच कोकणी गद्य छापलं गेलंय. दुसऱ्या बाजूने 'क्रिस्तपुराण' पुढे केलं जातं: बघा, गोव्याची ग्रंथभाषा मराठी. पण मंडळी, दोन्ही एकाच माणसानं लिहिलीयत. त्याला यातली एक भाषा खोडून दुसरी सिद्ध करायची नव्हती. त्याला ओवीसाठी एक लागली आणि पोरांना शिकवायला दुसरी. साष्टीतल्या माणसाकडे दोन्ही होत्या, एवढं ही दोन पुस्तकं मिळून नक्की सांगतात. एकच हातात घेतलं, तर अर्धंच कळतं.

आजच्यापुरतं इतकंच. घरात जुनी प्रार्थनेची, व्रताची, आरत्यांची पुस्तिका असेल, तर रद्दीत टाकण्याआधी तिचं शेवटचं पान एकदा वाचा. छापखाना, साल, किंमत बहुतेक तिथेच असतं. भेटू पुढच्या भागात.