पखुर्डीची वेळ आणि शिकाऱ्याची बंदूक

बारामती तालुक्यात सुप्याच्या माळावर किंवा इंदापूरकडे कडबनवाडीच्या गवतात डिसेंबरच्या सकाळी एखाद्या पाणवठ्यापासून लांब बसून पाहावे. सूर्य चांगला वर आला की ‘कुट्‌-रो, कुट्‌-रो’ असा आवाज येतो. कबुतराएवढे, टोकदार शेपटीचे पक्षी थव्याने येतात, थोड्या अंतरावर उतरतात, चालत काठाशी जातात, दोनचार घोट पितात आणि निघून जातात. ही पखुर्डी.

तिचा आहार म्हणजे वाळलेले बी. त्यात पाणी जवळजवळ नसतेच, म्हणून पाणवठ्याची वारी चुकवता येत नाही. पावसाळ्यानंतर माळावर जागोजागी डबकी असतात. हिवाळा सरतो तशी ती आटतात आणि विखुरलेले पक्षी उरलेल्या थोड्या पाण्यावर गोळा होतात. अमेरिकेत जंगली टर्कीही हिवाळ्यात मोठे थवे करतात, आणि शिकारी आधी त्यांच्या चरण्याच्या व मुक्कामाच्या जागा शोधतो. आमच्या माळावर त्याला फक्त पाणी शोधावे लागे. वेळ तर पक्ष्यानेच ठरवून दिलेली!

इंग्रजी अमलात या गोष्टीचा पुरेपूर उपयोग झाला. ह्यूम आणि मार्शल यांनी 1879 ते 1881 या काळात भारतातील शिकारीच्या पक्ष्यांवर तीन खंड काढले. त्यात पखुर्डीच्या जातींनाही जागा आहे. पाण्याकाठी आडोशाला बसून येणाऱ्या थव्यावर छर्रे झाडणे हा साहेबांचा सकाळचा ‘खेळ’ होता. याच माळावर फासेपारधीही तित्तर-लाव्यांसाठी फास लावत. पक्ष्याची वाट, वेळ, आवाज यांचे त्यांचे ज्ञान साहेबापेक्षा कमी नव्हते, बहुधा जास्तच होते. पण गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मानेच गुन्हेगार ठरला तो पारधी. 1952 साली कायदा गेला. शिक्का अजून पुरता पुसलेला नाही.

पाणवठ्यावरच्या गोळीत आणखी एक हिशेब होता, तो कोणी मांडला नव्हता. 1896 साली मीड-वाल्डो या इंग्रज पक्षिपालकाने लिहिले, की नर पोटाची पिसे पाण्यात भिजवून पिलांकडे जातो आणि पिले ती पिसे चोखतात. पुष्कळांनी ते हसण्यावारी नेले. 1967 साली केड आणि मॅक्लीन यांनी कलहारीतील एका जातीवर अभ्यास करून ते खरे ठरवले. पोटावरच्या पिसांचे सूक्ष्म तंतू कोरडे असताना वेटोळे असतात, भिजले की उलगडतात आणि पाणी धरून ठेवतात. आपल्याकडे पखुर्डीची वीण वर्षात केव्हाही होऊ शकते. तेव्हा काठावर पडलेल्या एका नरामागे माळावर कुठेतरी तहानलेली पिले असणे अगदी शक्य होते.

गंमत अशी, की हाच पक्षी शिकारीसाठी अमेरिकेलाही गेला. 1960 च्या सुमारास भारतातून नेलेल्या पखुर्ड्या नेवाडात सोडल्या, तेथे त्या टिकल्या नाहीत. हवाई बेटावर मात्र त्या आजही नांदत आहेत.

इकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा घातला. तरी ‘लहान शिकारी’चे परवाने देण्याची तरतूद उरली होती, ती 1991 च्या दुरुस्तीने गेली. सुप्याचे मयूरेश्वर अभयारण्य 1997 साली झाले, ते चिंकाऱ्यासाठी. क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर.

मात्र बंदूक गेली म्हणून माळ वाचला असे नाही. नीरा डावा कालवा 1885 साली सुरू झाला, 1980 साली उजनी धरण पूर्ण झाले आणि पाणी पोहोचले तेथे ऊस आला. याबद्दल दुष्काळ भोगलेल्या शेतकऱ्याला दोष देणे आम्हाला जमणार नाही. पण पखुर्डीला पाण्यासोबत उघडा, खडकाळ माळही लागतो. घरटे म्हणजे जमिनीवरचा साधा खळगा. उसाच्या फडात तिला जागा नाही. उरलेला माळ ‘पडीक’ समजून त्यावर झाडे लावण्याची हौसही आपल्याला फार.

आता हिवाळ्यात पाणवठ्यावर कॅमेरे येतात. काठाजवळ गाडी उभी राहिली तर थवा डोक्यावरून दोन घिरट्या घालतो आणि न पिताच निघून जातो. विद्यार्थ्यांना न्यायचे असेल तर सूर्योदयाच्या सुमारास पोहोचावे, शंभरएक पावले मागे बसावे आणि पहिला थवा किती वाजता उतरला ते वहीत लिहावे. चित्र पखुर्डी पाहायची असेल तर संध्याकाळी पुन्हा यावे लागेल. ती अंधार पडता पडता येते.