जोकरच्या आठवणींचा रंग

गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या एका मित्राशी ‘द किलिंग जोक’वरून जुंपली. तो म्हणे, जोकरच्या आठवणींची पानं कृष्णधवल आहेत. मी म्हटलं, छे, चांगली भडक रंगीत आहेत. शेवटी दोघांनी आपापल्या प्रती आणल्या आणि दोघंही बरोबर निघालो!

माझी प्रत जुनी, १९८८ सालच्या रंगांची. लेखन अ‍ॅलन मूर, चित्रं ब्रायन बोलंड, रंग जॉन हिगिन्स. (‘वॉचमेन’चे जांभळे-नारिंगी रंगही ह्याच हिगिन्सचे.) बोलंडला ते रंग पसंत नव्हते. २००८ साली नवी आवृत्ती निघाली तेव्हा त्याने अख्खं पुस्तक स्वतः पुन्हा रंगवलं. रेषा जवळजवळ त्याच, संवाद तेच.

कॉमिक्समध्ये रंग बदलणं तसं नवं नाही. १९६२ च्या पहिल्या अंकात हल्क चक्क राखाडी होता. छपाईत तो राखाडी धड येईना, म्हणून दुसऱ्या अंकापासून गडी हिरवा झाला. पण तिथे गोष्टीला धक्का लागला नाही. इथे लागलाय.

ह्या गोष्टीत मधेमधे जोकर हा जोकर होण्याआधीचा काळ येतो. न चालणारा विनोदी नट, गरोदर बायको, पैशांची चणचण. हिगिन्सकडे ही पानंही रंगीतच आहेत. बोलंडने ती राखाडी केली आणि एखादीच वस्तू तांबूस ठेवली. ही लाली वाढत वाढत रसायनांच्या कारखान्यात, त्याच्या डोक्यावरच्या लालभडक टोपापर्यंत पोचते. देखणं आहे, प्रश्नच नाही.

पण राखाडी पान दिसलं की आपल्याला आजोबांचा अल्बम आठवतो. म्हणजे हे असंच घडलं होतं, असं आपण धरून चालतो. आणि जोकर तर स्वतःच सांगतो की त्याला आपला भूतकाळ कधी असा आठवतो, कधी तसा! हिगिन्सच्या रंगात काल आणि आज दोन्हींना सारखाच ताप चढलेला, त्यामुळे हा माणूस थापा मारतोय की काय, ही शंका शेवटपर्यंत राहते. बोलंडच्या रंगात ती जवळजवळ जाते. आमच्या भाषेत सांगायचं तर, ‘फक्त यूआय बदललाय’ म्हणत लॉजिकच बदललं राव.

२०१८ सालच्या मोठ्या आवृत्तीत दोन्ही रंगकाम एकत्र छापलं, ते बरं झालं. मित्राला तूर्तास माझी प्रत दिलीये. परत मिळेल तेव्हा खरं.