घाटात येणारा जळक्या ऑइलचा वास

जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरील खोपोलीचा शिळफाटा हे बोरघाटाच्या पायथ्याचे ठिकाण. (ठाणे जिल्ह्यातील शिळफाटा वेगळा.) खोपोलीहून लोणावळ्याकडे जाताना सुमारे १५ किलोमीटरच्या अंतरात रस्ता ५५० मीटरच्या आसपास चढतो. सपाट रस्त्यावर महिनोन्महिने लपून राहिलेली इंजिनची ऑइलगळती या चढणीवर प्रथमच नाकाला जाणवते, आणि घाटात असा वास यायचाच, असे समजून अनेक चालक गाडी तशीच पुढे रेटतात.

याचे कारण साधे आहे. घाटात गाडी खालच्या गिअरमध्ये चालते. इंजिनावर भार अधिक आणि वेग कमी असल्याने बॉनेटखाली वारा पुरेसा खेळत नाही. अशा वेळी इंजिनातून जळलेला वायू बाहेर नेणारा मॅनिफोल्ड कित्येकशे अंश सेल्सियसपर्यंत तापतो. त्यावर पडलेला ऑइलचा थेंब लगेच धुरकटतो. बाहेरची हवा आत घेणारी जाळी बहुतेक गाड्यांत पुढच्या काचेच्या पायथ्याशी असल्याने हा वास थेट आत शिरतो. एसी ‘आतली हवा फिरवा’ या खुणेवर ठेवला की वास कमी होतो. गळती अर्थातच थांबलेली नसते.

प्रत्येक जळका वास मात्र ऑइलचा नसतो. लोणावळ्याहून उतरून शिळफाट्याला पोहोचलेल्या गाडीला येणारा उग्र वास बहुधा ब्रेकचा असतो. तो चाकांजवळ अधिक जाणवतो आणि गाडी थंड झाल्यावर जातो. चढताना वाहतूक कोंडीत हाफ क्लचवर गाडी धरून ठेवली, तर क्लच प्लेटचा जळक्या कागदासारखा वास येतो. गोडसर वास असेल तर रेडिएटरचा कूलंट गळत असण्याची शक्यता असते, तर प्लास्टिक जळाल्याचा वास वायरिंगकडे बोट दाखवतो. ऑइलचा वास जड व घशात खवखवणारा असतो, करपलेल्या तेलाच्या कढईसारखा. गाडी थांबवल्यानंतर बॉनेटच्या फटीतून येणारा पातळ धूर ही त्याची आणखी एक खूण.

तपासणीसाठी गाडी रस्त्यापासून दूर, सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे. पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक काढून पुसावी, पुन्हा घालून पातळी पाहावी. अनेक गाड्यांत खालच्या व वरच्या खुणेत सुमारे १ लिटरचा फरक असतो. त्यानंतर टॉर्चच्या उजेडात इंजिनची पाहणी वरून खाली करावी. ऑइल ओघळत खाली जाते, त्यामुळे सर्वांत वरचा ओला भाग हेच बहुधा गळतीचे मूळ असते. गरम मॅनिफोल्डला किंवा सायलेन्सरच्या नळीला हात लावू नये, हे वेगळे सांगायला नको.

नुकतेच ऑइल बदलले असेल, तर सांडलेले ऑइल जळत असू शकते. एक-दोन फेऱ्यांत तो वास जातो. तो टिकला तर ऑइल फिल्टर आणि ड्रेन नटाचा वॉशर पाहावा. जुन्या गाड्यांतील नेहमीचा दोष मात्र टॅपेट कव्हरच्या पॅकिंगचा. हे रबरी पॅकिंग उष्णतेने कडक होते, आकसते आणि ऑइल कडेने झिरपून मॅनिफोल्डवर उतरते. सुटा भाग फारसा महाग नसतो. तो बसवताना दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ करणे आणि बोल्ट ठरलेल्या ताकदीनेच आवळणे आवश्यक असते. जास्त आवळल्यास कव्हर वाकते व गळती वाढते. जुने पॅकिंग तसेच ठेवून भोवती सिलिकॉन थापण्याची काही गॅरेजांतील पद्धत घातक आहे, कारण सुटलेले तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. याच वेळी ब्रीदरची नळी व व्हॉल्व्ह तपासून घ्यावा. तो तुंबला असेल, तर इंजिनात कोंडलेला दाब नव्या पॅकिंगमधूनही ऑइल बाहेर ढकलतो. ‘दोनदा पॅकिंग बदलले तरी गळतेच’ अशा तक्रारींच्या मुळाशी हेच कारण सापडण्याची शक्यता मोठी असते.

इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून ऑइल टपकत असेल, तर क्रँकच्या मागील ऑइल सीलचा संशय घ्यावा. सील स्वस्त असते. खर्च गिअरबॉक्स उतरवण्याचा असतो. बाहेर कुठेच ओल नाही, पण सायलेन्सरमधून निळसर धूर येतो आणि ऑइल कमी होते, अशा वेळी ते इंजिनाच्या आत जळत असते. तेथे पिस्टन रिंग, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बो तपासावा लागतो.

पुढे घाट चढायचा की नाही, हे गळती कोठे आहे यावर ठरते. नुसती ओल असेल व पातळी योग्य असेल, तर खोपोलीतील गॅरेजपर्यंत सावकाश जाता येते. मॅनिफोल्डवर थेंब पडून धूर निघत असेल, तर गाडी टो करून न्यावी. तेथे आगीचा धोका खरा असतो. ऑइलचा लाल दिवा लागल्यास इंजिन तत्काळ बंद करावे. तो दिवा दाब घटल्याचा इशारा देतो, आणि त्यानंतर काही मिनिटे चालवलेले इंजिनही जाम होऊ शकते. ज्वाळा दिसल्यास बॉनेट न उघडता सर्वांनी दूर व्हावे व ११२ क्रमांकावर कळवावे.

दुरुस्तीनंतर इंजिन पुसून कोरडे करून घ्यावे, अन्यथा जुन्या ऑइलचा वास नव्या गळतीचा भास निर्माण करतो. रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवल्यास सकाळी डाग कोणत्या भागाखाली पडला ते दिसते.