आईचा नियम आणि लंडनचा स्टोव्ह



घरातलं मूल परदेशी शिकायला निघालं की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास होतात. बॅगेत मेतकूट, खाकरे, भाजणी भरली जाते आणि महाराजांपुढे किंवा माताजींपुढे नेऊन त्याला एखादा नियम दिला जातो. स्वयंपाक शिकवायचा मात्र राहून जातो. आज ज्या विद्यार्थ्याबद्दल लिहिते आहे, त्याच्या घरीही नेमकं हेच झालं होतं.

साल 1888. राजकोटचे मोहनदास गांधी बॅरिस्टर व्हायला विलायतेला निघाले. वय अठरा. आई पुतळीबाई अतिशय व्रतस्थ. चातुर्मासात सूर्यदर्शन झाल्याशिवाय न जेवण्याचा नेमही त्यांनी केलेला. घर वैष्णव, पण काठेवाडात जैन साधूंचं घरी येणं-जाणं असे. मुलगा तिकडे जाऊन बिघडेल ही भीती आईला होती. तेव्हा बेचरजी स्वामी पुढे आले. ते मूळचे मोढ वाणी, पुढे जैन साधू झालेले आणि या घराचे सल्लागार. त्यांनी मोहनदासांकडून मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा करवून घेतली आणि मग आईने परवानगी दिली. म्हणजे गांधीजींच्या शाकाहाराच्या नियमाला साक्षी होते ते आपले एक साधू!

4 सप्टेंबरला मुंबईहून बोट सुटली. बोटीवर काट्या-चमच्याने खायची लाज आणि कशात काय घातलंय ते विचारायचा संकोच, म्हणून ते घरून आणलेली मिठाई आणि फळं खोलीतच खात. लंडनला पोचल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. मीठ-मसाल्याशिवाय उकडलेल्या भाज्या घशाखाली उतरेनात. सकाळची ओटची लापशी पोट भरायची, पण दुपारी आणि रात्री पाव, मुरंबा, पालक. पावाचे दोन-तीन तुकडे संपले की आणखी मागायला लाज वाटे. एक मित्र रोज मांस खायचा आग्रह करी. अशिक्षित आईपुढे, तिथली परिस्थिती माहीत नसताना घेतलेल्या शपथेला काय अर्थ, असं म्हणे. मोहनदासांना वाद घालता येत नव्हता. ते फक्त नाही म्हणत.

इथे मी थांबून विचार करते. नियम पक्का होता, पण मूल उपाशी होतं. त्या काळात त्याला धरून ठेवलं ते फक्त आईला दिलेल्या शब्दाने.

पुढे घरमालकिणीकडून कळलं की शहरात शाकाहारी खाणावळी आहेत. ते रोज दहा-बारा मैल पायपीट करून शोधत. एके दिवशी फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक सापडली. विलायतेत आल्यापासूनचं पहिलं पोटभर जेवण तिथे झालं. तिथेच एक शिलिंग देऊन हेन्री सॉल्ट यांचं शाकाहारावरचं पुस्तक त्यांनी घेतलं. ते वाचल्यावर आईसाठी पाळलेला नियम त्यांचा स्वतःचा झाला.

मग अंड्याचा प्रश्न आला. अंडं म्हणजे मांस नव्हे, असं मानणारे शाकाहारी तिथे होते. काही दिवस त्यांनीही अंडी घेतली. पण नंतर विचार केला, शपथ देताना आईच्या मनात मांसाचा अर्थ काय होता? तिच्या लेखी अंडंही त्यातच येत होतं. अंडी सुटली. मग शाकाहारी खाणावळीतही पुडिंगमध्ये, केकमध्ये काय आहे ते विचारणं आलं. आपली मुलं आज पाकिटामागची बारीक अक्षरं वाचतात, तेच हे काम.

आणि आता स्टोव्ह. खर्च कमी करायचा म्हणून त्यांनी दोन खोल्यांच्या जागी एकच खोली घेतली आणि एक स्टोव्ह विकत आणला. सकाळी ओटची लापशी आणि कोको, दुपारी बाहेर, रात्री पुन्हा घरी पाव आणि कोको. न्याहारी करायला वीस मिनिटं लागत आणि दिवसाचं खाणं सव्वा शिलिंगात भागे. गंमत म्हणजे घरून आलेली मिठाई आणि मसालेही त्यांनी बंद केले. पूर्वी बेचव वाटणारा उकडलेला पालक आवडू लागला. चव जिभेपेक्षा मनात असते, हे त्यांना त्या खोलीत उमगलं.

हे शिक्षण त्यांनी स्वतःपुरतं ठेवलं नाही. पुढे दक्षिण आफ्रिकेत गेल्यावर विलायतेला जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी एक मार्गदर्शिका लिहिली. आठवड्याला एका पौंडात कसं राहावं, काय खावं, हे त्यात सांगितलं. त्याआधी 1891 मध्ये ते बॅरिस्टर होऊन परतले, तेव्हा आई गेल्याचं त्यांना कळलं. नंतर मुंबईत काही महिने राहिले, तेव्हा तिथेही त्यांनी स्टोव्ह घेतला आणि आहाराचे प्रयोग चालू ठेवले. त्यात त्यांचे सोबती होते वीरचंद राघवजी गांधी. हेच वीरचंदभाई 1893 मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत जैन धर्माचे प्रतिनिधी म्हणून बोलले.

आपल्या मुलांचं गणित याहून अवघड आहे. कंदमूळ नाही म्हटलं की तिथल्या शाकाहारी जेवणातले बटाटा, गाजर, कांदा सगळेच जातात. रात्रिभोजनाचा त्याग असेल तर लंडनमध्ये डिसेंबरात सूर्य चारच्या आत मावळतो. वर्ग सुटेपर्यंत अंधार! म्हणजे जेवण सकाळीच करून डब्यात न्यायला हवं. ते ज्याला येत नाही, त्याच्यासमोर दोनच वाटा उरतात, उपास किंवा नियमभंग. आणि नियम मोडला की मुलं घरी सांगत नाहीत, हे मला जास्त लागतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. नियम देण्याआधी दोन महिने मुलाला ओट्यापाशी उभं करा, मुलग्यालाही. पाऊण वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, चार वाट्या पाणी, हळद, मीठ, जिरं-हिंगाची फोडणी. राइस कुकरमध्ये खिचडी होते आणि तोवर आंघोळ उरकते. मटार घालून ओटचा उपमा, कोबी घातलेले पोहे, टोमॅटोचं सार, दह्यात कालवलेलं मेतकूट. एवढं हातात बसलं की आठवडा निघतो. डाळ-तांदूळ निवडून, धुऊन घ्यायची सवय इथेच लावा.

आणि नियम देताना त्याचा अर्थही सांगा. काय चालेल, काय नाही, अडचणीत काय करायचं, हे मुलाशी बसून बोला. त्याला जेवढं पेलेल तेवढंच द्या. पुतळीबाईंच्या मुलाला स्टोव्हपर्यंत एकट्याने पोचावं लागलं. आपल्या मुलांना आपण तिथवर सोबत करू शकतो.