कसिनोतील डीलरची बक्षिसी

लास व्हेगासच्या कसिनोत पत्ते वाटणाऱ्या डीलरचा मूळ पगार बेताचाच असतो. त्याचा संसार चालतो तो मुख्यतः खेळाडूंच्या बक्षिसीवर. नेवाडा राज्याने १९३१ मध्ये जुगार कायदेशीर केला आणि पुढे तिथे वाढलेल्या या धंद्यात बक्षिसी हाच कमाईचा मोठा भाग ठरला.

खेळाडू कधी चिप नुसती पुढे सरकवतो, तर कधी डीलरच्या नावाने पैज लावतो. मिळालेली चिप डीलर टेबलाच्या कडेवर वाजवतो आणि मगच पेटीत टाकतो, म्हणजे देखरेख करणाऱ्यांना ती दिसते. फाशांच्या खेळात आणि ब्लॅकजॅकमध्ये ही रक्कम सहसा एकत्र करून सारखी वाटली जाते. पोकरच्या टेबलावर मात्र बहुधा ज्याची त्यालाच मिळते.

त्यामुळे पोकरचा जॅकपॉट लागला की साऱ्यांचे लक्ष त्या एका डीलरकडे जाते. ‘बॅड बीट’ जॅकपॉट लागतो तो फार भारी पत्ते हातात असूनही कुणी हरतो तेव्हा. निधी जमतो प्रत्येक डावातून कापलेल्या किरकोळ रकमेतून. साधारणपणे निम्मा वाटा हरणाऱ्याला, पाव जिंकणाऱ्याला आणि उरलेला टेबलावरच्या बाकीच्यांना मिळतो. डीलरला किती द्यायचे, याचा नियम नाही. पैसा खेळाडूंचाच आणि पत्ते नशिबाने पडलेले. तरीही त्याला रिकाम्या हाताने सोडणे अनेकांना पटत नाही.

बक्षिसी ही देणगी की कमाई, हा वाद न्यायालयात गेला. ‘ओल्क विरुद्ध अमेरिका’ खटल्यात फाशांच्या टेबलावरील डीलरने करमुक्तीचा दावा केला होता. बहुसंख्य खेळाडू काहीच देत नाहीत, देणारे लहरीने किंवा दैव प्रसन्न व्हावे म्हणून देतात, हे लक्षात घेऊन खालच्या न्यायालयाने ही रक्कम देणगी मानली. १९७६ मध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरवला. नशीब पुन्हा फळावे म्हणून दिलेला पैसा निरपेक्ष नसतो आणि रोज नियमाने वाटून घेतलेली रक्कम ही कमाईच, असे त्याने ठरवले. देणाऱ्याच्या मनापेक्षा घेणाऱ्याचे रोजचे पोट न्यायालयाने अधिक नेमके ओळखले.

पुढचा झगडा वाटणीचा होता. २००६ मध्ये विन लास व्हेगास या कसिनोने बक्षिसीत पर्यवेक्षकांनाही वाटा द्यायला सुरुवात केली, तेव्हा डीलर संतापले आणि पुढल्याच वर्षी त्यांनी संघटनेच्या बाजूने मतदान केले. वाद अनेक वर्षे न्यायालयांत रेंगाळला. करापुरता दिलासा २०२५ च्या कायद्याने मिळाला: २०२५ ते २०२८ या वर्षांसाठी, उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना वर्षाला २५,००० डॉलरपर्यंतची बक्षिसी संघीय प्राप्तिकरासाठी करपात्र उत्पन्नातून वजा करता येते.