पाकीट, केसपेपर आणि पिशवी



या व्यासपीठावर विद्वान लोक बोलतात. आम्ही विद्वान नव्हे. १९८२ सालच्या गिरणी संपात वडिलांचा पगार थांबला आणि त्याबरोबर आमची शाळाही थांबली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतील एका जुन्या कपाटाने दिले. चालकांनी आम्हांस इतिहासावर बोलण्यास सांगितले, तेव्हा राजेरजवाड्यांचा इतिहास जाणत्यांवर सोपवून आम्ही एका कागदाचा इतिहास घेण्याचे ठरविले. वृद्ध माणूस कोणते औषध, किती आणि केव्हापासून घेतो हे ज्यावर लिहिलेले असते, किंवा असावयास हवे, तो हा कागद. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु पगारपत्रकावरील एका चुकीच्या आकड्यापायी ज्याने महिनाभर भांडण केले आहे, त्यास कोणतीही नोंद क्षुल्लक वाटत नाही.

हा विषय आमच्याकडे पुस्तकांतून आला नाही, घरातून आला. आमचे वडील साचेखात्यात विणकर होते. पंचाहत्तरी उलटल्यावर त्यांना एका सरकारी दवाखान्यातून रक्तदाबाची गोळी सुरू झाली. पुढे पावसाळ्यात ते तापाने पडले, म्हणून जवळच्या एका खाजगी डॉक्टरांना दाखविले. त्यांनी रक्तदाब मोजला, तो वाढलेला दिसला, त्यांनीही एक गोळी लिहून दिली. एकीच्या पाकिटावर औषधाचे मूळ नाव होते, दुसरीवर कंपनीने ठेवलेले नाव ठळक होते. दोन्हींत औषध एकच, अ‍ॅम्लोडिपिन. काही आठवड्यांत वडिलांचे पाय सुजले. तिसऱ्या डॉक्टरांनी सूज पाहून लघवी होण्याची गोळी दिली. मग चक्कर येऊ लागली. एके दिवशी पहाटे चाळीच्या गॅलरीतून संडासाकडे जाताना ते पडले आणि खुब्याचे हाड मोडले. इस्पितळात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारले, "बाबा कोणकोणती औषधे घेतात?" आम्ही उत्तर म्हणून प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर पालथी केली. बाईंनी एकेक पट्टी उजेडाकडे धरून बारीक अक्षरे वाचली आणि दोन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. त्या काही बोलल्या नाहीत. बोलण्याची गरजही नव्हती.

तिघां डॉक्टरांपैकी एकही निष्काळजी होता असे आम्ही म्हणत नाही. प्रत्येकाने समोर दिसले त्यावर औषध दिले. मात्र तिघांपैकी एकाच्याही कागदावर दुसऱ्याचे औषध नव्हते. औषधाचा दुष्परिणाम नवा रोग समजून त्यावर आणखी औषध द्यावयाचे, या साखळीस वैद्यकीय लिखाणात १९९० नंतरच्या दशकात स्वतंत्र नावही मिळाले आहे. म्हणजे हे दुर्दैव एकट्या आमच्या वडिलांचे नव्हते. तेव्हापासून आम्ही शोध घेऊ लागलो, की रोग्याची नोंद ठेवण्याची चाल पडली कशी आणि आमच्या घरापर्यंत येता येता ती तुटली कोठे?

या चालीचे मूळ दया किंवा विद्वत्ता यांपेक्षा पैशाच्या हिशेबात अधिक आहे. ब्रिटनमध्ये लॉइड जॉर्ज अर्थमंत्री असताना १९११ साली राष्ट्रीय विम्याचा कायदा झाला. मजुराने आठवड्याला चार पेन्स द्यावयाचे, मालकाने तीन, सरकारने दोन. त्या बदल्यात १९१३ पासून मजुरास यादीतील, म्हणजे पॅनेलवरील डॉक्टर मिळू लागला. डॉक्टरास दर माणशी ठरलेला पैसा मिळे आणि रोग्याची नोंद ठेवणे ही त्याच्या कराराची अट झाली. पहिल्या महायुद्धानंतर या नोंदीस तिचे कायमचे रूप आले. ते म्हणजे सुमारे सात इंच लांब व पाच इंच रुंद असे जाड कागदाचे पाकीट आणि त्यात कार्डे. लोक त्यास लॉइड जॉर्जचे पाकीट म्हणू लागले.

या पाकिटाचा मोठा गुण असा, की ते रोग्याच्या मागोमाग जाई. मजुराने डॉक्टर बदलला, तर विमा समितीमार्फत पाकीट नव्या डॉक्टराकडे पोचे. परंतु त्यात दोन उणिवा होत्या. पहिली ही, की विमा कमावत्याचा होता, घरात राबणाऱ्या बायकोचा नव्हता. तिचे पाकीट निघाले ते ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाल्यावर. दुसरी उणीव वृद्धांच्या बाबतीत विशेष जाणवली. वर्षे गेली तसे पाकीट फुगत गेले. इस्पितळांची पत्रे घड्या घालून त्यात कोंबली गेली. आज चालू असलेले औषध कोणते आणि दहा वर्षांपूर्वी बंद केलेले कोणते, हे दाराबाहेर रांग उभी असताना घाईने शोधावयाचे म्हणजे कठीणच. नोंद होती, परंतु ती वाचता येत नव्हती.

यावर उपाय शोधणाऱ्या तीन माणसांची नावे आम्ही आदराने घेतो. पहिले एडिनबरोचे डॉ. जेम्स विल्यमसन. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दाखवून दिले, की घरी राहणाऱ्या वृद्धांचे पुष्कळसे विकार त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना ठाऊकच नसतात. म्हातारी माणसे दुखण्यास वय समजून गप्प बसतात. दुसरे अमेरिकेतील डॉ. लॉरेन्स वीड. १९६८ साली त्यांनी मांडले, की कागदाच्या आरंभी रोग्याच्या सर्व अडचणींची क्रमवार यादी असावी आणि प्रत्येक उपचार त्यांतील कोणत्या अडचणीसाठी, हे लिहिलेले असावे. तिसरे आम्हांस सर्वांत जवळचे, दक्षिण वेल्समधील ग्लिनकोरूग या कोळसा खाणकामगारांच्या गावचे डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट. त्यांनी आपल्याकडे नोंदलेल्या प्रौढांपैकी जवळजवळ प्रत्येकाचा रक्तदाब मोजला. जो आला त्याचा तर मोजलाच, पण कागद चाळून जो आला नाही त्यासही शोधून काढले. १९७१ साली त्यांनीच लिहिले, की जेथे वैद्यकाची गरज अधिक तेथेच ते कमी मिळते. चांगली नोंद आलेल्याची हजेरी घेते आणि न आलेल्याची गैरहजेरीही दाखविते. हे हजेरीबुक सांभाळणाऱ्यास समजावून सांगावे लागत नाही.

पुढे ब्रिटनमध्ये संगणक आले. नेहमीच्या औषधांची चिठ्ठी छापताना तिच्या उजव्या अर्ध्या भागावर चालू औषधांची यादी छापून ती रोग्यास घरी देण्याची पद्धत पडली. डॉक्टरच्या कपाटातली नोंद अशा रीतीने म्हाताऱ्याच्या खिशात आली.

आता आपल्याकडे वळू. हे पाकीट आपल्या देशातही आले आणि आले ते कामगारांच्याच दारी. प्रा. अडारकर यांनी १९४४ साली कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला, १९४८ साली राज्य कामगार विम्याचा कायदा झाला, २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेचा आरंभ झाला आणि १९५४ साली ती मुंबईत आली. गिरणगावात पॅनेलचा डॉक्टर हा शब्द घरोघरी झाला. आमच्या वडिलांचेही पाकीट अशाच एका डॉक्टरांच्या फळीवर होते. पगारातून वर्गणी कापली जाई तोवर ते पाकीट जिवंत होते. गिरणी बंद पडली, वर्गणी थांबली, हक्क संपला. निवृत्त कामगारासाठी नियमात सोय आहे. किमान पाच वर्षे विमा असलेल्यास वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी उपचार घेता येतात. परंतु ती सोय निवृत्त होणाऱ्यासाठी. आमचे वडील निवृत्त झाले नव्हते, त्यांची गिरणी निवृत्त झाली होती. संपानंतर ज्यांची नोकरी गेली त्या घरांत नोंद तुटली ती नेमकी येथे. माणूस म्हातारा होऊ लागला तेव्हा, म्हणजे तिची गरज सुरू झाली तेव्हा.

त्यानंतर हाती उरला केसपेपर. केसपेपरचा एक गुण मान्य केला पाहिजे. तो रोग्याजवळ राहतो. परंतु या दवाखान्याचा केसपेपर त्या दवाखान्यास चालत नाही. हरवला की नवा निघतो आणि नव्यावर जुने काही नसते. २००२ सालच्या वैद्यकीय आचारसंहितेने डॉक्टरांना तीन वर्षे नोंद जपण्याचे बंधन घातले, ते इस्पितळात दाखल झालेल्या रोग्यांपुरते. बाकड्यावर बसून गोळ्या घेऊन परतणाऱ्या म्हाताऱ्याविषयी ते कलम बोलत नाही. २०१६ साली त्याच संहितेत दुरुस्ती होऊन औषधाचे मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे असे ठरले. हा नियम सर्वत्र पाळला जाता, तर आमच्या घरातील दोन पट्ट्या कोणत्याही शेजाऱ्याने ओळखल्या असत्या. २०२१ साली देशभर डिजिटल आरोग्य अभियान सुरू झाले आणि प्रत्येकास चौदा अंकी क्रमांक मिळू शकतो. आम्ही यंत्राचे वैरी नाही. परंतु क्रमांक म्हणजे नोंद नव्हे. हजेरीबुकाला क्रमांक असतो म्हणून त्यात हजेऱ्या आपोआप भरत नाहीत.

वृद्धांच्या बाबतीतच एवढा आग्रह का, असे कोणी विचारील. वयाबरोबर मूत्रपिंडाचे काम मंदावते, त्यामुळे कित्येक औषधे अंगात अधिक काळ रेंगाळतात. विकार अनेक होतात आणि प्रत्येकाचा डॉक्टर निराळा असतो. गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी रक्तदाबाच्या व लघवीच्या गोळ्यांशी गाठ पडून मूत्रपिंड बिघडवू शकते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीबरोबर घेतली तर रक्तस्राव होऊ शकतो. आणि त्या दुकानातल्या गोळीची नोंद कोणत्याच डॉक्टरकडे नसते.

आमच्या धंद्यात आम्ही तीन कागद ताडून पाहतो. हजेरीबुकात किती दिवस भरले, पगारपत्रकावर किती लागले, आणि कामगाराच्या हातात किती पडले. तिन्ही जुळले तर पगार खरा. औषधाचेही असेच आहे. डॉक्टरने लिहिले ते एक, दुकानातून आणले ते दुसरे, आणि पोटात गेले ते तिसरे. आजवरच्या बहुतेक नोंदी पहिल्यापाशी थांबतात. म्हाताऱ्याचे बरेवाईट मात्र तिसऱ्यावर ठरते. अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात औषधविक्रेत्यांनी वृद्धांना घरातली सगळी औषधे कागदी पिशवीत घालून तपासणीस आणण्यास सांगण्याचा प्रघात पाडला, तो याचसाठी. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने औषधांपासून होणारी इजा टाळण्याची मोहीम जाहीर केली.

आमच्या युनियनच्या कचेरीत महिन्यातून एक रविवार आता पिशवीचा असतो. जुने कामगार व त्यांच्या बायका औषधांच्या पिशव्या घेऊन येतात. एक फार्मासिस्ट भगिनी बसते आणि आम्ही शंभर पानी वहीत लिहितो. रकाने साधे आहेत. औषधाचे मूळ नाव, किती मिलिग्रॅम, दिवसाच्या कोणत्या वेळी, कशासाठी, कोणी दिले, केव्हा सुरू झाले, केव्हा व का बंद झाले. पहिल्या पानावर, कोणत्या औषधाने पूर्वी त्रास झाला ते लिहितो. काढा, चूर्ण, शेजारणीने दिलेली गोळी, सारे लिहितो. रागावत नाही, कारण रागावले की माणसे लपवितात. औषध बदलण्याचा किंवा थांबविण्याचा अधिकार आम्ही घेत नाही. तो डॉक्टरांचा. आम्ही फक्त वही डॉक्टरांपुढे ठेवण्यास सांगतो. शेवटचा रकाना भरून घेणे सर्वांत कठीण जाते. औषध सुरू केल्याचे सर्वांना आठवते, बंद केल्याचे कोणी लिहिलेले नसते.

परंतु हे युनियनने कोठवर करावे? पॅनेल डॉक्टरने नोंद ठेवली, कारण ती कराराची अट होती. म्हणून आमची मागणी अशी, की ज्या प्राथमिक दवाखान्यात साठीपुढचा माणूस येतो तेथे चालू औषधांची एक यादी करणे, ती प्रत्येक खेपेस ताडणे आणि तिची प्रत त्याच्या हाती देणे हे कामाचा भाग ठरावे. त्यासाठी परिचारिकेला किंवा औषध देणाऱ्याला वेळ द्यावा, त्या वेळेची मजुरी द्यावी. जादा काम फुकट करून घ्यावे असे आम्ही कधी म्हटलेले नाही, आजही म्हणणार नाही.

आमचे वडील त्या पडण्यानंतर चालले नाहीत. दोन वर्षांनी गेले. त्यांची पहिली वही आम्ही इस्पितळातच लिहिली होती. तिच्यात अ‍ॅम्लोडिपिन एकदाच आहे. ती वही आम्ही आज येथे आणली आहे. व्याख्यानानंतर कोणास रकाने उतरवून घ्यावयाचे असतील, तर आम्ही दाराशी उभे आहोत.