पाऊस, ज्वारी आणि मृगसाल

दख्खनचा इतिहास आपण सुलतान, किल्ले आणि लढाया यांच्यातून वाचतो. पण या मुलुखावर सर्वांत जास्त काळ हुकूमत गाजवली ती पावसाने. बहमनी, निजामशाही, आदिलशाही, मराठे, मुघल, कोणालाही त्याचा हुकूम मोडता आला नाही.

नैऋत्येचे ढग सह्याद्रीवर आदळतात आणि तिथेच मोकळे होतात. महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तोच पाऊस पूर्वेला माण, सांगोला, मंगळवेढ्याकडे 500 ते 600 मिलिमीटरवर येतो. घाटावर जांभूळ, अंजन, हिरड्याचे सदाहरित रान. पर्जन्यछायेत बाभूळ, बोर, हिवर आणि कुसळी गवताचे माळ. जसे रान, तशी माणसे. कोकणात भात, नारळ आणि होडी. देशावर ज्वारी, मेंढरे आणि बैलगाडी. कोकणी मुसलमानाच्या घरात तांदळाची भाकरी आणि सोलापूरच्या मुसलमानाच्या घरात ज्वारीची, हा फरक मजहबाचा नाही, पावसाचा आहे.

मंगळवेढ्याची ज्वारी पाहा. काळी माती पावसाचे पाणी धरून ठेवते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलेली शाळू पुढे पावसाशिवाय, त्या ओलीवर आणि थंडीच्या दवावर वाढते. दाणा माणसाला, कडबा जनावराला. हवा कोरडी म्हणून हे धान्य जमिनीतल्या पेवात वर्षानुवर्षे ठेवता येई, आणि पाऊस हुकला की तेच पेव गावाला जगवी. बिदरच्या बादशहाचे धान्य दुष्काळात भुकेल्यांना वाटणाऱ्या दामाजीपंतांची कथा याच मंगळवेढ्याची आहे. तिच्यात चमत्कार आहे, पण तिच्या मुळाशी असलेली भूक खरी आहे.

या शेतीला आपण जी नावे देतो, ती मात्र अरबीतून आली आहेत. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. ‘खरीप’ आणि ‘रब्बी’ हे शब्द मूळचे अरबी आहेत असे सांगितले की मुले चकित होतात. अरबीत खरीफ म्हणजे शरद ऋतू आणि रबी म्हणजे वसंत. ज्या ऋतूत पीक हाती येते, त्याचे नाव पिकाला मिळाले.

हाच ‘रबी’ शब्द आपल्या रबीउल अव्वल महिन्याच्या नावातही आहे. पण तो महिना वसंतातच येईल असे नाही. हिजरी वर्ष चंद्राचे, सौर वर्षाहून सुमारे 11 दिवसांनी लहान. म्हणून रमजान कधी मेच्या उन्हात येतो, कधी डिसेंबरच्या थंडीत. इबादतीसाठी यात अडचण नाही. उलट प्रत्येक पिढीला सगळ्या ऋतूंचे रोजे मिळतात. शेतसाऱ्यासाठी मात्र मोठी अडचण होती. सूर्याच्या सुमारे 33 वर्षांत चंद्राची 34 वर्षे होतात. सारा हिजरी सनाने घेतला, तर शेतकऱ्याने 33 पिके काढून 34 वर्षांचा सारा भरायचा!

यावर दख्खनमध्ये तोड निघाली. तुघलक अमलात, 1344 च्या सुमारास, शुहूर सन सुरू झाला. त्याचा आकडा हिजरीवरून घेतला, पण वर्षाची लांबी सूर्याची ठेवली. वर्षाची सुरुवात कधी? सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हा, म्हणजे शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो तेव्हा. म्हणूनच लोकांनी त्याला ‘मृगसाल’ म्हटले. अरबी आकडा, भारतीय नक्षत्र आणि दख्खनचा पाऊस, तिन्ही एका सनात आले.

हा सन सुलतानांबरोबर संपला नाही. शिवाजी महाराजांच्या काळातल्या मोडी पत्रांवर ‘सलास सबैन अलफ’ अशी वर्षे आढळतात. म्हणजे तीन, सत्तर आणि हजार: 1073, इसवी सन 1672-73. पेशवाईच्या दफ्तरातही हीच रीत चालू राहिली. हिशेब लिहिणाऱ्या कुलकर्ण्याला अरबी संख्या परक्या वाटल्या नाहीत आणि सुलतानाच्या दिवाणाला मृग नक्षत्र परके वाटले नाही. दोघांचीही गरज एकच होती: पीक घरात आल्यावर सारा मागायचा.

आज दोन बाजूंनी एकच गोष्ट ऐकू येते. एक बाजू म्हणते, मुसलमान बाहेरून आले आणि बाहेरचेच राहिले. दुसरी बाजू, आपल्यातलीच, म्हणते की इथल्या मातीचे जे जे आपल्यात आले, ती भेसळ आहे. मृगसाल दोघांनाही उत्तर देते. आमच्या पूर्वजांनी नमाज-रोजासाठी चंद्र सोडला नाही आणि शेतीसाठी मृगाचा पाऊस नाकारला नाही. त्यात त्यांचा दीन कमी झाला नाही आणि दख्खनही त्यांना परकी राहिली नाही.